आठ ओहम-मीटर: खारं पाणी की चिकणमाती?

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या शिवारात बोअरसाठी विजेचा सर्व्हे चालतो. जमीन विजेला किती अडवते ते सांगणारे यंत्रावरचे आकडे खोलीबरोबर उतरू लागले की शेतकऱ्याला आशा वाटते. मातीखाली थेट काळा पाषाण लागेल ही धास्ती असते. आकडा उतरला म्हणजे खालचा खडक कुजलेला, भेगाळलेला आहे आणि त्यात पाणी साठायला जागा आहे, असा अंदाज बांधता येतो. तसाच उतरता आलेख अमरावती जिल्ह्यात दर्यापूरच्या आसपास मिळाला, तर सर्व्हे करणारा माणूस जपून बोलू लागतो. तिथे तो उतार बहुधा खाऱ्या पाण्याचा असतो. यंत्र तेच, तारा त्याच, आलेखाचा उतारही तसाच, आणि अर्थ मात्र उलटा.

हे कसं होतं ते समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं आणि केंद्रीय भूजल मंडळाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे, नीरी आहे, विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग आहे. विदर्भाच्या पाण्याविषयी पुष्कळ अभ्यास याच शहरातून होतो. पण ज्याच्या शेतात सळया ठोकल्या जातात, त्याच्या हाती शेवटी एक कागद येतो. त्यावर थरांचा तक्ता, ओहम-मीटरचे आकडे आणि 'येथे अमुक मीटर बोअर घ्यावी' असं एक वाक्य. त्या वाक्यामागे किती तर्क आहेत आणि त्यातला कोणता कच्चा असू शकतो, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. बोअरचे पैसे मात्र त्याचे जातात.

खारपाणपट्टा म्हणजे काय

सातपुड्यातल्या गाविलगडच्या डोंगररांगेतून निघणारी पूर्णा नदी अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेला वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते. (मराठवाड्यातली, गोदावरीला मिळणारी पूर्णा वेगळी.) या नदीच्या दोन्ही अंगांना गाळाचं मोठं मैदान आहे. विदर्भाचा बराच भाग कठीण खडकाचा असताना इथे मात्र माती, चिकणमाती, वाळू आणि गोट्यांचे थर एकावर एक बसलेले आहेत आणि काही ठिकाणी त्यांची जाडी तीनशे मीटरच्या वर जाते. या मैदानाच्या मोठ्या भागात जमिनीखालचं पाणी खारं किंवा मचूळ आहे. त्यालाच खारपाणपट्टा म्हणतात. शेकडो गावं त्यात येतात. विहिरीला पाणी भरपूर आणि तरी त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पिकाला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होत जाते.

समुद्र इथून कित्येक कोस दूर. मग खारेपणा आला कुठून? यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. प्राचीन काळच्या कोरड्या हवामानाचा दाखला काही जण देतात, काही जण समुद्राशी संबंध जोडतात. एक गोष्ट मात्र शिवारात उभं राहूनही पटते. गाळात बारीक चिकणमाती फार, उतार अगदी कमी, त्यामुळे पावसाचं पाणी आत शिरून जुन्या क्षारांना धुऊन बाहेर काढू शकत नाही. पाणी साचतं, उन्हाने उडतं, क्षार मागे राहतात. उलट सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे डोंगरातून आलेले मोठे गोटे आणि भरड वाळू साचली आहे, तिथे पाणी खेळतं राहतं आणि गोडही मिळतं.

म्हणजे प्रश्न 'इथे पाणी आहे का' एवढाच राहत नाही. गोडं पाणी किती खोलीपर्यंत आहे, खारं कुठून सुरू होतं आणि त्या दोघांच्या मधे चिकणमातीचा आडपडदा आहे का, हे हवं असतं. याचं उत्तर बोअर मारूनच शोधायचं ठरवलं, तर एका गावात दहा ठिकाणी भोकं पाडावी लागतील. शिवाय चुकीच्या जागी पाडलेलं भोक खारं पाणी गोड्या थरात शिरायला वाट करून देतं, हे नुकसान वेगळंच. म्हणून जमीन न फोडता आत पाहण्याची खटपट करायची. त्या सगळ्या पद्धतींना मिळून भूभौतिक सर्वेक्षण म्हणतात.

विजेला काय कळतं

शुद्ध पाणी विजेचं वाईट वाहक आहे. त्यात क्षार विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण वीज वाहून नेतात. क्षार जितके जास्त, तितकी वीज सहज जाते. पाण्याची ही वहनक्षमता खिशात मावणाऱ्या मीटरनेही मोजता येते. तिला ईसी म्हणतात आणि ती मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटरमध्ये सांगतात. याच गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे रोधकता, म्हणजे विजेला होणारा अडथळा. तिचं एकक ओहम-मीटर. हिशोब सोपा आहे: दहा हजाराला ईसीने भागा. ईसी 500 असलेल्या गोड्या पाण्याची रोधकता 20 ओहम-मीटर आणि ईसी 5000 असलेल्या खाऱ्या पाण्याची फक्त 2 ओहम-मीटर.

विरघळलेले एकूण क्षार म्हणजे टीडीएस. ते मिलिग्रॅममध्ये साधारण ईसीच्या दोनतृतीयांश धरतात. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतो. ही वरची मर्यादा ईसी 3000 च्या आसपास पडते. ईसी 5000 चं पाणी तिच्या बरंच पलीकडे गेलेलं असतं.

पण जमिनीखाली नुसतं पाणी नसतं. वाळूचे कण असतात, त्यांच्या मधल्या पोकळीत पाणी असतं. वाळूचा कण स्वतः वीज जवळजवळ वाहूच देत नाही, त्यामुळे विजेला पोकळ्यांतल्या पाण्यातून वळसे घेत जावं लागतं. थराची रोधकता आणि त्यातल्या पाण्याची रोधकता यांचं नातं गस आर्ची या तेलक्षेत्रात काम करणाऱ्या अभियंत्याने 1942 साली सूत्रात मांडलं. पोकळी जितकी कमी, तितका गुणक मोठा. तीस टक्के पोकळी असलेल्या सैल वाळूसाठी तो गुणक पाचाच्या आसपास येतो. म्हणजे 20 ओहम-मीटरच्या गोड्या पाण्याने भरलेली वाळू सुमारे 100 ओहम-मीटर दाखवेल, आणि तीच वाळू 2 ओहम-मीटरच्या खाऱ्या पाण्याने भरली असेल तर 10 च्या आसपास. दहापट फरक. एवढा फरक जमिनीवरून सहज पकडता येतो, आणि म्हणूनच खाऱ्या पाण्याच्या शोधात विजेची पद्धत आधी आठवते.

शेतात नेमकं काय करतात

चार सळया एका सरळ रेषेत जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीज आत सोडतात, आतल्या दोन सळयांमध्ये किती व्होल्टेज येतं ते मोजतात. चार का? दोनच सळया असत्या, तर सळई आणि माती यांच्या सांध्यातला अडथळाच मोजला गेला असता, जमिनीचा नाही. वीज सोडणाऱ्या आणि मोजणाऱ्या सळया वेगळ्या केल्या की तो घोळ जवळजवळ संपतो. विजेची दिशाही थोड्या थोड्या वेळाने उलटी करतात, कारण जमिनीत मुळातच थोडं व्होल्टेज असतं आणि ते हिशोबातून काढून टाकावं लागतं.

बाहेरच्या सळया जवळ असल्या की वीज वरवर फिरते. त्या लांब नेल्या की तिचा काही भाग खोल उतरतो. मधला बिंदू तोच ठेवून बाहेरच्या सळया टप्प्याटप्प्याने लांब न्यायच्या आणि दर टप्प्याला मोजायचं. ही श्लुम्बर्जर मांडणी. कॉनराड श्लुम्बर्जर या फ्रेंच संशोधकाने 1912 साली जमिनीवरून वीज सोडून खालचे खडक शोधण्याचे प्रयोग सुरू केले. त्याचा भर खनिजांवर होता. पाण्यासाठी हीच पद्धत पुढे जगभर वापरली गेली.

यात दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवायला हव्यात, कारण गावात गैरसमज याच दोन ठिकाणी होतात.

पहिली: जितकं खोल पाहायचं, त्याच्या तिप्पट-चौपट लांबीची रेषा लागते. शंभर मीटर खोलीचा अंदाज हवा तर तीन-चारशे मीटर सरळ, मोकळी जागा हवी. शेतात ती मिळते. नागपुरात बेसा-मानेवाड्याच्या लेआऊटमध्ये एखाद्या प्लॉटवर चाळीस मीटर तार पसरून 'दीडशे मीटरवर पाणी आहे' असं कुणी सांगत असेल, तर ते तारेतून आलेलं उत्तर नाही.

दुसरी: प्रत्येक टप्प्यावर जो आकडा येतो त्याला आभासी रोधकता म्हणतात. सळया पन्नास मीटरवर नेल्या आणि आकडा 12 आला, तर पन्नास मीटर खोलीवर 12 आहे असं अजिबात नाही. तो आकडा वरपासून वीज जिथवर पोचली तिथवरच्या सगळ्या थरांची सरमिसळ आहे. सगळे आकडे आलेखावर मांडून, संगणकावर थरांची वेगवेगळी मांडणी करून बघायची आणि जी मांडणी आलेखाशी जुळेल ती उत्तर म्हणून घ्यायची. उत्तर असं मागच्या वाटेने येतं, म्हणून त्यात निवड आली, आणि निवड आली तिथे माणसाचा अनुभवही आला.

हल्ली एकाच केबलला अनेक सळया जोडून यंत्र स्वतःच त्यांतल्या जोड्या बदलत मोजत जातं. त्यातून जमिनीचा उभा काप रंगीत चित्रात दिसतो. त्याला ईआरटी म्हणतात. खाऱ्या पाण्याची सीमा तिरपी असेल किंवा नदीच्या जुन्या पात्राची वाळू मधेच घुसलेली असेल, तर हे चित्र एका बिंदूवरच्या आलेखापेक्षा फार उपयोगी पडतं. मात्र रंग बघून भुलू नये. निळा म्हणजे पाणी असा अर्थ त्यात नसतो. कोणता रंग कोणत्या आकड्याला द्यायचा, हे चित्र काढणाऱ्याने ठरवलेलं असतं.

खाऱ्या भागात एक खास अडचण येते. खारा थर विजेला इतकी सोपी वाट देतो की बहुतेक वीज त्यातच पळते. त्याच्याखाली काय आहे ते दिसायला रेषा आणखी लांब लागते, आणि आतल्या सळयांवर येणारं व्होल्टेज इतकं बारीक होतं की जवळून गेलेली उच्च दाबाची लाईनही मोजमाप बिघडवू शकते. मे महिन्यात काळी माती भेगाळलेली असते, तेव्हा सळईच्या बुडाशी पाणी ओतल्याशिवाय वीज आत जातच नाही. हे सगळं सांभाळून मोजणारा माणूस एका दिवसात थोडेच बिंदू करतो. दिवसात गावभर बिंदू उरकून टाकणाऱ्याकडे मी जरा सावधपणे पाहतो.

चिकणमाती नावाची अडचण

आता मूळ प्रश्नाकडे. समजा, पूर्णेच्या गाळात तीस मीटरच्या खाली 8 ओहम-मीटरचा थर निघाला. खारं पाणी?

कदाचित. कारण खाऱ्या पाण्याने भरलेली वाळू तेवढंच दाखवते. पण ओली चिकणमाती, तिच्यातलं पाणी गोडं असलं तरी, 5 ते 20 ओहम-मीटर दाखवू शकते. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर विद्युतभार चिकटलेला असतो आणि वीज पाण्याबरोबर त्या पृष्ठभागावरूनही सरकते. आर्चीचं साधं सूत्र इथे लागू पडत नाही. शिवाय पूर्णेच्या गाळात चिकणमातीची कमतरता नाही. म्हणजे ज्या भागात खारं पाणी शोधायचं, त्याच भागात त्याच्यासारखा दिसणारा दुसरा पदार्थ मुबलक आहे.

दुसरी गाठ त्याहून सूक्ष्म आहे. कमी रोधकतेचा थर दोन जास्त रोधकतेच्या थरांच्या मधे असेल, तर जमिनीवरून त्याची जाडी आणि रोधकता वेगवेगळी कळत नाही. कळतो फक्त त्यांचा भागाकार. दहा मीटर जाडीचा 5 ओहम-मीटरचा थर आणि वीस मीटर जाडीचा 10 ओहम-मीटरचा थर, दोन्हींचा भागाकार 2. आलेख जवळजवळ सारखा. पहिला थर खाऱ्या पाण्याची वाळू असू शकतो, दुसरा साधी चिकणमाती. संगणक यातलं एक उत्तर छापून देईल आणि दुसऱ्याचा उल्लेखही करणार नाही. हा दोष संगणकाचा नाही. जमिनीवरून मिळालेल्या माहितीत तो भेद करण्याइतकं बळच नसतं. म्हणून ज्या अहवालात प्रत्येक थराची खोली दशांशात दिलेली असते आणि चूक किती असू शकते याचा एक शब्दही नसतो, तो मला अपुरा वाटतो.

ही गाठ सोडवण्याचे मार्ग आहेत. त्यांतला एकही एकटा पुरेसा नाही.

सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे आसपासच्या विहिरी. सर्व्हेच्या आधी परिसरातल्या जितक्या विहिरी-बोअर मिळतील, तितक्यांची खोली आणि ईसी मोजून नकाशावर मांडावी. वीस मीटरच्या विहिरीचं पाणी 900 आणि शेजारच्या साठ मीटरच्या बोअरचं 6000, एवढं कळलं तरी त्या 8 ओहम-मीटरच्या थराविषयी अर्धं उत्तर हाती आलं. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून वगळलं जातं. ते वगळू नये. बोअर मारताना कोणत्या खोलीला काय निघालं, हे जुन्या माणसांना पक्कं आठवतं. 'शंभर फुटांवर पिवळी माती संपली आणि रेती लागली' ही आठवण संगणकातल्या थराला जागेवर बसवते.

दुसरा मार्ग आयपी, म्हणजे इंड्यूस्ड पोलरायझेशन. वीज सोडून एकदम बंद करायची आणि जमिनीत व्होल्टेज किती वेळ रेंगाळतं ते पाहायचं. चिकणमाती थोडा भार साठवते आणि हळूहळू सोडते. खाऱ्या पाण्याने भरलेली स्वच्छ वाळू जवळजवळ साठवत नाही. रोधकता दोन्हीची कमी, पण रेंगाळणं वेगळं. पाणी फार खारं झालं की चिकणमातीचीही ही खूण पुसट होते, तेवढी मर्यादा लक्षात ठेवून ही पद्धत वापरावी.

तिसरा मार्ग विद्युतचुंबकीय. याला टीईएम म्हणतात. यात सळया ठोकायच्याच नाहीत. जमिनीवर तारेचं मोठं वेटोळं पसरतात, त्यातून वीज सोडतात आणि झटक्यात बंद करतात. त्या झटक्याने जमिनीत फिरते विद्युतप्रवाह उठतात आणि खाली-बाहेर पसरत विरत जातात. घंटेवर टोला देऊन नाद किती टिकतो ते ऐकावं, तसं इथे त्या प्रवाहांचं विरणं ऐकतात. खाऱ्या थरात ते सावकाश विरतात, कठीण खडकात चटकन. टीईएमला वीज सहज वाहणारे थर फार स्पष्ट दिसतात, म्हणून खाऱ्या पाण्याचा माथा किती खोलीवर आहे हे काढायला ती सळयांपेक्षा सरस ठरते. उलट 200 आणि 800 ओहम-मीटरच्या खडकांतला भेद तिला नीट जमत नाही. काटोलच्या पाषाणात सळया आणि दर्यापूरच्या गाळात वेटोळं, अशी माझी पसंती आहे. दोन्ही करता आलं तर उत्तमच.

हेच वेटोळं हेलिकॉप्टरखाली टांगूनही नेता येतं, आणि तो प्रयोग नागपूर जिल्ह्यात झालेला आहे. केंद्रीय भूजल मंडळाने हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेबरोबर 2013 च्या सुमारास देशात सहा ठिकाणी हवाई सर्वेक्षणाची चाचणी घेतली. राजस्थानात दौसा आणि जैसलमेर, बिहारमध्ये पाटणा, कर्नाटकात तुमकुर, तमिळनाडूत कडलूर आणि महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागा नदीचं पाणलोट. ही पंढरपूरची चंद्रभागा नव्हे, आपल्या कळमेश्वरच्या बाजूची छोटी नदी. तंत्र डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात विकसित झालेलं होतं. नागपूरची जागा दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा, नमुना म्हणून निवडली होती, खारेपणासाठी नव्हे. पण तंत्र तेच आहे. 2021 पासून राजस्थान, गुजरात, हरियाणा अशा कोरड्या राज्यांत हवाई सर्वेक्षणाचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं गेलं. पूर्णेच्या सपाट, मोकळ्या गाळावर वीज सहज वाहते, त्यामुळे या तंत्राला ती जमीन फार मानवण्यासारखी आहे असं मला ठामपणे वाटतं.

आणि शेवटचा मार्ग बोअरच्या आतला, म्हणजे लॉगिंग. गाळात बोअर करताना चिखलाचं पाणी फिरवत भोक पाडतात. पाईप उतरवण्याआधी त्या उघड्या भोकात केबलला बांधलेलं उपकरण सोडतात आणि दर थोड्या अंतरावर रोधकता मोजत वर ओढतात. जमिनीवरून सरमिसळ झालेले थर इथे एकेक करून दिसतात. सोबत गॅमा किरणंही मोजली, तर चिकणमातीचा प्रश्न बराच सुटतो. चिकणमातीत पोटॅशियमसारखी नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्यं जास्त असतात, स्वच्छ वाळूत कमी. रोधकता कमी आणि गॅमा जास्त, तर बहुधा चिकणमाती. रोधकता कमी आणि गॅमाही कमी, तर ती खाऱ्या पाण्याची वाळू समजावी. एका गावात अशी एक लॉग केलेली बोअर असली, की आजूबाजूच्या सगळ्या सर्व्हेंना टेकू मिळतो.

नागपूर शहरातली गोष्ट थोडी वेगळी

शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट आहे. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाइससारखा खडक, उत्तरेला कामठीच्या बाजूला वालुकाश्म. पूर्णेसारखा खारा पट्टा इथे नाही. पण ईसी वाढवायला निसर्गच लागतो असं नाही. कचराडेपोतून झिरपणारा रस, सांडपाणी, औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या तलावातून मुरणारं पाणी, या सगळ्यांत विरघळलेले क्षार असतात आणि ते जमिनीची रोधकता खाली आणतात. त्यामुळे भांडेवाडीचा कचराडेपो किंवा कोराडीचं वीजकेंद्र अशा जागी काय, किती दूर आणि कोणत्या दिशेला पसरतंय, हे पाहायलाही हीच पद्धत कामी येते. तिथे खरी कसोटी तुलनेची असते. प्रदूषणाची शंका नसलेल्या, तशाच मातीच्या आणि तशाच खडकाच्या जागी एक रेषा घ्यावी लागते. काळी माती स्वतःच 5-10 ओहम-मीटर दाखवते, त्यामुळे त्या तुलनेशिवाय मातीलाच प्रदूषण समजण्याचा धोका असतो. कोणती द्रव्यं झिरपली आहेत हे मात्र वीज सांगत नाही. नायट्रेट की क्लोराइड, हे पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिल्यावरच कळतं.

कागद हाती आल्यावर

समजा, सगळं नीट झालं. सर्व्हेने सांगितलं की पस्तीस मीटरपर्यंत गोड्या पाण्याची वाळू, मग आठ मीटर चिकणमाती, आणि त्याखाली खारं. आता कंत्राटदार फुटावर पैसे घेतो म्हणून आणखी वीस मीटर खाली जाणं म्हणजे हाताने विहीर बिघडवणं. चिकणमातीचा तो पडदा फोडायचा नाही. चुकून खोल गेलंच, तर खालचा भाग चिकणमाती किंवा सिमेंटने बंद करून मगच पाईप बसवावा. आणि खारा थर वर, गोडा खाली अशी उलटी मांडणी असेल, तर खाऱ्या थरासमोर साधा पाईप, गोड्या थरासमोर जाळीचा पाईप, आणि दोघांच्या मधे पाईपच्या बाहेरची पोकळी सिमेंटने पक्की बंद करायची. ही पोकळी मोकळी राहिली की वरचं खारं पाणी पाईपच्या बाहेरून खाली उतरतं, आणि दोष सर्व्हेला दिला जातो.

गोड्याखाली लगेच खारं असेल आणि मधे पडदा नसेल, तर उपशाचा वेग महत्त्वाचा. गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं. पंपाने वरचा दाब कमी केला की खालचं जड पाणी विहिरीच्या बुडाशी शंकूसारखं वर उचललं जातं. समुद्रकिनाऱ्यासाठीचा प्रसिद्ध हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी एक मीटर घटली, तर खाऱ्याची सीमा शेवटी चाळीस मीटरपर्यंत वर येऊ शकते. पूर्णेचं खारं पाणी समुद्राइतकं जड नाही आणि चिकणमाती त्याला अडवते, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लागू होत नाही. उचललं जाण्याची क्रिया मात्र तीच. म्हणून अशा जागी एका खोल बोअरवर मोठा पंप लावण्यापेक्षा दोन-तीन उथळ विहिरींतून थोडं थोडं पाणी घेणं परवडतं, आणि पावसाचं पाणी शेततळ्यात धरून खालच्या उपशावरचा भार कमी करता येतो.

सर्व्हे करणाऱ्याला विचारावं: रेषा किती लांब घेतली, आजूबाजूच्या किती विहिरींचा ईसी मोजला, कमी रोधकतेचा थर खारा आहे की चिकणमातीचा हे कशावरून ठरवलं, आणि थराच्या खोलीत चूक किती असू शकते. चांगलं काम केलेल्या माणसाला हे प्रश्न आवडतात.

विहीर सुरू झाल्यावर ईसीचं मीटर घरात असू द्यावं. पंप सुरू करताना एकदा आणि तीन-चार तास चालल्यावर एकदा, असं आठवड्यातून निदान एक दिवस मोजून वहीत लिहावं. सुरुवातीचा आणि नंतरचा आकडा जवळपास सारखा राहिला तर उपसा विहिरीला झेपतोय. नंतरचा आकडा दर आठवड्याला थोडा थोडा चढू लागला, तर खालून खारं पाणी वर सरकतंय. अशा वेळी चव बदलायची वाट न पाहता पंप चालवण्याचे तास कमी करावेत आणि मधे विहिरीला भरून यायला वेळ द्यावा.